चार हातांनी उघडणारी डबी

एकट्याने उघडायला घेतली तर ही डबी उघडत नाही. उजव्या हाताने दोन बाजू दाबून धराव्यात, डाव्याने उरलेल्या दोन गाठायला जावं, तर बोटं आखडतात, डबी निसटते आणि झाकण जागचं हलत नाही. शेवटी शेजारी बसलेल्याला सांगावं लागतं, "जरा हात लाव." दोघांनी मिळून चारही बाजू एकाच वेळी दाबल्या की ती उघडते. आत कंडोम.

अर्जेंटिनात कंडोम आणि लैंगिक खेळणी विकणाऱ्या तुलिपान या कंपनीने २०१९ साली मार्च-एप्रिलच्या सुमारास ही डबी लोकांसमोर आणली. कल्पना बीबीडीओ अर्जेंटिना या जाहिरात संस्थेची. डबीचं नाव 'प्लासेर कोन्सेन्तिदो', म्हणजे संमतीचं सुख. मर्यादित संख्येत काढायची, ब्युनोस आयर्समधल्या बारमध्ये आणि कार्यक्रमांत फुकट वाटायची आणि पुढे त्याच वर्षी विक्रीला आणायची, असा बेत कंपनीने जाहीर केला होता. समाजमाध्यमांवर एक छोटी चित्रफीत आली. पाहता पाहता दूरदूरच्या देशांतली वर्तमानपत्रं या डबीची बातमी देऊ लागली, आणि तितक्याच वेगाने तिच्यावर टीकाही सुरू झाली.

वेष्टनाचा उपयोग सामाजिक संदेशासाठी करायचा म्हटलं की बहुतेकांना वेष्टनावरची मोकळी जागा आठवते. तिथे एखादं वाक्य छापायचं, फोटो छापायचा, फार तर फोन नंबर द्यायचा. या डबीवरही वाक्य होतंच, पण मुख्य बोलणं तिच्या उघडण्यात होतं. म्हणून हे प्रकरण अभ्यासायला घेतलं. डबी जमली की फसली, हे एका शब्दात सांगता येणार नाही. मात्र जिथे जमली त्याच जागेवरून ती फसायलाही लागली, असं मला वाटतं, आणि ती जागा बोट ठेवून दाखवता येते.

एक वाक्य आणि एक जुनी म्हण

मोहिमेचं वाक्य होतं: 'सी नो ते दिसे के सी, एस नो.' मराठीत आणायला गेलं की लगेच अडखळायला होतं. "तिने हो म्हटलं नाही, तर ते नाहीच" असं लिहिलं की विचारणारा पुरुष आणि उत्तर देणारी बाई हे ठरूनच जातं. स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदातच दडलेला असतो आणि त्याला लिंग लागत नाही, त्यामुळे हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणू शकतं. मराठीत "समोरून हो आलं नाही, तर ते नाहीच" इथपर्यंत पोचता येतं. वाक्याचा ठेका जातो, पण अर्थ राहतो.

हे वाक्य नुसतं यमक जुळवून केलेलं नाही. स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे, 'एल के काया, ओतोर्गा': जो गप्प राहिला, त्याने दिलं. आपल्याकडे हेच संस्कृतातून आलेलं आहे, मौनं संमतिलक्षणम्. मुलगी खाली मान घालून बसली म्हणजे पसंती आहे, हे आपण पिढ्यानपिढ्या याच आधारावर ठरवत आलो. तुलिपानचं वाक्य ती म्हण उलटी फिरवतं. मौन म्हणजे नकार, आणि होकार हवा तर तो उच्चारावा लागेल. जाहिरातीच्या वाक्याकडून याहून जास्त काही मागायचं कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. तोंडाने उच्चारायचा होकार डबीने हाताने दाबायचा करून टाकला. या फरकाकडे पुढे परत यावं लागेल.

डबी ज्या देशात निघाली

राजकारण हातात धरायच्या किंवा डोक्याला बांधायच्या वस्तूत उतरवण्याची सवय अर्जेंटिनाला जुनी आहे. १९७७ मध्ये लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या मुलांच्या आया प्लासा दे मायो या चौकात जमू लागल्या. गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं, आणि ते कापड होतं तान्ह्या बाळाचं लंगोट. पुढे २००५ मध्ये सुरक्षित, कायदेशीर आणि मोफत गर्भपातासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली, तिचा रुमाल हिरवा. २०१८ मध्ये तो विद्यार्थिनींच्या दप्तरांना, मनगटांना, गॅलरीच्या कठड्यांना बांधलेला दिसायचा. ९ ऑगस्ट २०१८ च्या पहाटे सिनेटने गर्भपात कायदेशीर करणारं विधेयक ३८ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळलं. (३० डिसेंबर २०२० ला तसं नवं विधेयक मंजूर झालं, पण डबी निघाली तेव्हा फेटाळल्याची जखम ताजी होती.)

लैंगिक आणि इतर हिंसेविरुद्धची चळवळही याच काळात पेटलेली होती. ३ जून २०१५ ला 'नी ऊना मेनोस', म्हणजे 'आता एकही कमी होता कामा नये', या हाकेवर ब्युनोस आयर्समध्ये संसदेसमोर प्रचंड गर्दी लोटली. ११ डिसेंबर २०१८ ला तेल्मा फार्दिन या अभिनेत्रीने, स्वतः किशोरवयीन असताना एका सहकलाकाराने बलात्कार केल्याचं सहकारी अभिनेत्रींना सोबत घेऊन पत्रकार परिषदेत सांगितलं. त्याच महिन्यात 'मिकाएला कायदा' मंजूर झाला. सरकारच्या तिन्ही शाखांतल्या सर्व कर्मचाऱ्यांना लिंगभाव आणि स्त्रियांवरील हिंसा या विषयाचं प्रशिक्षण त्याने सक्तीचं केलं. शाळांमध्ये समग्र लैंगिक शिक्षण देण्याचा कायदा तर २००६ पासून पुस्तकात होता. दंडसंहितेतल्या ज्या प्रकरणाखाली बलात्कार येतो, त्याचं शीर्षक १९९९ पर्यंत 'शालीनतेविरुद्धचे गुन्हे' असं होतं. त्या वर्षी ते बदलून 'लैंगिक अखंडतेविरुद्धचे गुन्हे' झालं. एका शीर्षकात केवढी उलथापालथ! आधी गुन्हा बाईच्या अब्रूवर होता, मग तो तिच्या शरीरावर आणि इच्छेवर झाला.

हे सगळं आठवायचं कारण एवढंच, की डबी निघाली तेव्हा त्या देशात संमती हा शब्द नवा नव्हता. रस्त्यावरच्या बायकांनी तो घराघरांत नेऊन ठेवलेला होता. रुमाल चळवळीतल्या बायकांनी शिवले आणि बांधले. डबी मात्र जाहिरात संस्थेच्या टेबलावर तयार झाली. वस्तू कुणाच्या हातून आली याने तिची पारख आपोआप ठरत नाही, पण तिच्याकडे बघणाऱ्याच्या मनात संशय यायला तेवढं पुरतं.

आणि संशयाला जागाही होती. एड्स हेल्थकेअर फाउंडेशनच्या अर्जेंटिना शाखेने केलेल्या सर्वेक्षणाचे आकडे त्या वेळच्या बातम्यांत फिरत होते: नियमितपणे कंडोम वापरणारे पुरुष १४.५ टक्के, अधूनमधून वापरणारे ६५ टक्के, कधीच न वापरणारे २०.५ टक्के. कंडोम विकणाऱ्या कंपनीला यात बाजारपेठ दिसली नसती तरच नवल. माझी त्यालाही हरकत नाही, कंपनीने धंदा करावा. पण हे आकडे समोर ठेवले की डबीतली एक विसंगती लगेच दिसते. जो माणूस एरवीही कंडोम घ्यायचा कंटाळा करतो, त्याच्यासमोर आपण उघडायला दुप्पट अवघड असं पाकीट ठेवतो आहोत.

न उघडण्याची कारागिरी

सहज उघडू नये म्हणून वेष्टन मुद्दाम अवघड करणं ही जुनी कला आहे. कॅनडातल्या विंडसर गावातले बालरोगतज्ज्ञ आंरी ब्रो यांनी १९६७ मध्ये औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण रूढ केलं, कारण लहान मुलं गोळ्या खाऊन विषबाधेने दवाखान्यात येत होती. १९७० मध्ये अमेरिकेने त्यासाठी कायदाच केला. त्या झाकणाची परीक्षा फार नेमकी असते. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात बाटली द्यायची. पाच मिनिटांत निदान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मग उघडून दाखवायची, पुन्हा पाच मिनिटं द्यायची, तरी ८० टक्के मुलं हरली पाहिजेत. पुढे असं दिसलं की म्हाताऱ्या माणसांनाही झाकण उघडेना. ती मग औषध उघडंच ठेवत किंवा साध्या बाटलीत काढून ठेवत, आणि मुलांचा धोका परत आला तिथेच. म्हणून १९९५ च्या सुधारणेत ५० ते ७० वर्षांच्या माणसांवरची चाचणी आली. त्यांच्यातल्या ९० टक्क्यांना झाकण उघडता आणि बंद करता आलं पाहिजे.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण वेष्टनाला कुलूप म्हणायचं असेल तर ही कसोटी आहे. कुणाला अडवायचं, कुणाला अडवायचं नाही, आणि अडवलेला माणूस दुसरा कुठला मार्ग शोधेल, या तीन प्रश्नांची उत्तरं कुलपाने द्यायची असतात.

तुलिपानच्या डबीला हे प्रश्न विचारून पाहा. अडवायचं कुणाला? बळजबरी करणाऱ्याला. पण त्याला कंडोम हवाच असं नाही. हवा असला तरी साधं पाकीट कुठेही मिळतं, आणि हीच डबी हाताशी असली तर पुठ्ठा फाडायला ताकद ती किती लागणार. ज्यांना अडवायचं नाही ते कोण? एका हाताचा माणूस, संधिवाताने बोटं वळलेली बाई, हात थरथरणारा कुणी. हे मात्र अडतात. अपंगांना वगळल्याची तक्रार पहिल्याच दिवसांत आली आणि ती रास्त होती. अपंग स्त्रियांवर लैंगिक हिंसेचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे लक्षात घेतलं तर ही चूक अधिकच बोचते. ज्यांच्या नकाराला जग एरवीही मोजत नाही, त्यांचा होकारही या डबीने मोजला नाही. तिसरा प्रश्नही कुणीतरी विचारलाच: दोघांनी मिळून तिसऱ्यावर जबरदस्ती केली तर? चार हात तिथेही असतात.

शिवाय कंडोम कुठलाही असो, तो आत वेगळ्या सीलबंद पाकिटात असतो, हवा आणि उजेड लागू नये म्हणून. बाहेरची डबी चार हातांची असली तरी ते आतलं पाकीट दोन हातांनी फाटतं, आणि फाडायचा क्षण डबी उघडण्यानंतर बराच वेळाने येऊ शकतो.

कुलूप म्हणून ही डबी नापास आहे, यात वाद नाही. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की ती कुलूप नव्हतीच, खूण होती. हे मला पटतं, पण अर्धवट. खूण म्हणून बनवलेल्या वस्तूला तुम्ही कुलपाचा आकार दिला, कुलपासारखं वागायला लावलं, तर लोक तिला कुलपाच्याच मापाने मोजणार. वाचणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. वेष्टन जे दाखवतं तेच त्याचं वचन असतं.

ऑस्टिन, १९९२

आता ती जागा, जिथे डबीची सगळ्यात सुंदर कल्पनाच सगळ्यात धोक्याची होते.

१९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात एका तरुणीच्या घरात एक अनोळखी माणूस सुरी घेऊन शिरला. तिने जीव वाचवण्यासाठी आणि एड्सच्या भीतीने त्याला कंडोम वापरायची विनवणी केली, आणि त्याने तो वापरला. प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेलं. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, हे तिथे ठरतं. त्या ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला. कंडोम मागितला म्हणजे संमती होती, असं काही सदस्यांना वाटल्याचं बाहेर आलं. देशभर संताप उसळला, दुसऱ्या ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले, आणि १९९३ मध्ये त्या माणसाला बलात्काराबद्दल ४० वर्षांची शिक्षा झाली.

या खटल्यात कंडोमची डबी दोन माणसांनी मिळून उघडली असती तर? भीतीने थरथरत्या हातांनी का होईना, पण तिने बाजू दाबल्या असत्या. मग पहिल्या ज्युरीला "तिने कंडोम मागितला" याच्याही पुढचा पुरावा मिळाला असता: "तिने स्वतःच्या हाताने डबी उघडली." तुलिपानच्या मनात असं काही नव्हतं, हे उघड आहे. पण वस्तू एकदा लोकांत गेली की तिचा अर्थ बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही. चार हातांशिवाय उघडत नाही अशी डबी रिकामी पडलेली असेल, तर ती पाहणारा पहिला निष्कर्ष काय काढेल?

भीतीत शरीर काय करतं याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास स्टॉकहोमचा आहे. तिथल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्क्यांनी हल्ल्याच्या वेळी शरीर गोठल्याची ठळक लक्षणं सांगितली, आणि ४८ टक्क्यांत ती अतितीव्र होती. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ना ओरडता येतं, ना ढकलता येतं. "विरोध का केला नाही?" या प्रश्नाला त्यांच्या शरीराने दिलेलं उत्तर हेच. गोठलेल्या माणसाच्या हालचालींवरून त्याचं मन वाचता येत नाही. सांगितलं ते मुकाट्याने करणं हीसुद्धा भीतीचीच एक रीत आहे. मग डबीवर दाबलेल्या चार हातांतल्या दोन हातांचं मन डबी कसं वाचणार?

काळाचाही प्रश्न आहे. होकार एकदाच द्यायचा नसतो. तो कुठल्याही क्षणी मागे घेता येतो. एका गोष्टीला दिला म्हणजे दुसरीला दिला असं होत नाही. कंडोमला होकार दिला आणि जोडीदाराने मध्येच गुपचूप तो काढून टाकला, तर मूळ होकारच मोडतो. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा कृत्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येईल असा कायदा केला. डबी मात्र उघडते एकदाच. पुढच्या साऱ्या वेळाबद्दल ती मुकी आहे. मोबाइलवर होकार नोंदवायची अॅप्स निघाली, तीही याच खड्ड्यात पडली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पोलीस आयुक्तांनी अशा अॅपची कल्पना मांडली तेव्हा टीका झाली ती हीच: ज्याच्या हातात तुमचं मनगट आहे, त्याच्या हातात तुमचा अंगठाही आहे.

इथे तोंडाने म्हणायचा होकार आणि हाताने दाबायचा होकार यातला फरक परत येतो. मोहिमेचं वाक्य बोलण्याविषयी होतं, डबी मात्र न बोलता उघडते. दोघांनी एक शब्दही न काढता बाजू दाबल्या तरी झाकण वर येतं. "एस नो" म्हणणाऱ्या मोहिमेच्या वस्तूत 'सी', म्हणजे 'हो', म्हणायची जागाच राहिली नव्हती.

मग तिच्यात जमलं काय

इतकं बोलून झाल्यावर मला तिची बाजूही मांडायची आहे, कारण तिच्याआधी जे निघालं होतं त्यातलं बरंच काही याहून वाईट होतं.

लैंगिक हिंसेवरच्या उत्पादनांचा एक मोठा वर्ग बाईच्या हातात काहीतरी देतो: शिट्टी, मिरचीचा फवारा, धोका जाणवला की वाजणारी अंगठी. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी असा नेलपॉलिश बनवायचा घाट घातला होता, की पेल्यात बोट बुडवल्यावर गुंगीचं औषध मिसळलेलं असेल तर त्याचा रंग बदलेल. हेतू चांगला होता. पण निष्कर्ष काय? बाईने नखं रंगवावीत, बाईने पेल्यात बोट बुडवावं, आणि नाही बुडवलं तर "तू बोट का बुडवलं नाहीस?" तुलिपानच्या डबीत असं काही नाही. तिने पहिल्यांदा कुणाला अडवलं, तर एकट्याने ती हातात घेणाऱ्याला. "तू सावध राहा" ऐवजी "तू विचार" असं ती म्हणाली. ही दिशाबदल साधी नाही.

दुसरी गोष्ट जागेची. अमेरिकेत १९८४ मध्ये आयोवातल्या दे मॉइन शहरातल्या एका डेअरीने दुधाच्या खोक्यांवर बेपत्ता झालेल्या दोन मुलांचे फोटो छापले. दोघंही वर्तमानपत्र टाकायला घराबाहेर पडलेली होती. वर्षभरात शेकडो डेअऱ्यांनी तेच केलं. फोटो घराघरांत पोचले, पण ते बघत होती न्याहारीला बसलेली मुलं, आणि ती घाबरत होती. बेंजामिन स्पॉक यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञाने त्यावर टीका केली. त्याहून मोठी अडचण अशी, की बेपत्ता मुलांत घर सोडून गेलेली किंवा ताब्याच्या भांडणात आई नाहीतर वडिलांनी नेलेलीच जास्त असत, आणि खोक्यामुळे लोकांच्या मनात ठसला तो रस्त्यावरचा अनोळखी राक्षस. १९८० चं दशक संपता संपता खोक्यांवरचे फोटो विरत गेले.

लैंगिक हिंसेविषयीही हाच गैरसमज सगळीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या साधारण ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा इतरांकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. जोडीदार सोडून इतरांकडून झालेल्या लैंगिक हिंसेचा आकडा ६ टक्के आहे, आणि तिथेही बदनामीच्या भीतीने बऱ्याच गोष्टी सांगितल्या जात नाहीत, असं अहवालच म्हणतो. म्हणजे धोका बहुतेक वेळा ओळखीच्या अंथरुणात आहे. डबी ठेवलेली होती नेमकी तिथेच, जिथे दोन ओळखीची माणसं रात्रीचं पुढे काय याचा विचार करतात. अंधाऱ्या गल्लीतल्या राक्षसाची गोष्ट तिने सांगितली नाही. दुधाच्या खोक्याला जे जमलं नाही ते कंडोमच्या डबीला जमलं, आणि त्याचं श्रेय मी बीबीडीओच्या लोकांना द्यायला तयार आहे.

तिसरी गोष्ट हसण्याची. बारमध्ये मित्रमंडळी जमलेली, डबी टेबलावर फिरते आहे, एकट्याने उघडायची पैज लागली आहे, कुणी दातांनी प्रयत्न करतो आहे. विषय जड आहे म्हणून हसू वर्ज्य मानायचं कारण नाही. न उघडणारी वस्तू हातात असताना "का नाही उघडत?" हा प्रश्न आपसूक निघतो, आणि त्याचं उत्तर देताना तोंडातून संमती हा शब्द निघतो. भाषणाने हे होत नाही. पण त्याच टेबलावर अशी एक मुलगी असेल, जिच्यासाठी हा विनोद नाही. संख्येने पाहिलं तर असणारच. तिच्यासाठी डबीत काय होतं?

माझ्या हातात काम आलं असतं तर

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सिगारेटच्या पाकिटांवर चित्रांचे इशारे आले आणि सोबत व्यसन सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा क्रमांक. त्या वर्षी तिथे आलेले फोन आधीच्या दोन्ही वर्षांच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाले. पाकिटाने घाबरवलं तेव्हाच दारही दाखवलं, आणि ते दार किती वेळा वाजलं हे मोजता आलं. जागृतीच्या मोहिमेत मोजण्यासारखी गोष्ट शोधायची तर ती अशी असावी. बातम्यांची कात्रणं, चित्रफितीला मिळालेल्या पसंत्या यावरून मोहीम गाजली एवढंच कळतं.

अर्जेंटिनात स्त्रियांवरील हिंसेसाठी १४४ हा क्रमांक २०१३ पासून दिवसरात्र चालतो, आणि कौटुंबिक व लैंगिक हिंसेतल्या पीडितांसाठी १३७ आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे डबी उघडल्यावरच नजर जाते, तिथे मी हे दोन क्रमांक ठळक छापले असते. दर्शनी बाजूला नको. दर्शनी बाजूला क्रमांक असलेली वस्तू खिशात बाळगणं काही जणींना परवडत नाही, कारण घरी खिसे तपासले जातात.

दुसरा बदल यंत्रणेत. चार हात हवेतच असं धरू नये. एका हाताने, कोपराने, टेबलावर टेकवूनही दाबता येईल अशी सोय ठेवावी, आणि चार हातांचं उघडणं हा खेळ म्हणून ठेवावा. म्हणजे कुलपाचा आव जातो, खूण राहते, आणि डबी उघडली म्हणून कुणाचा होकार सिद्ध झाला असं म्हणायची सोयही कुणाला राहत नाही. ऑस्टिनची पहिली ग्रँड ज्युरी डोळ्यांसमोर ठेवली तर हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तिसरा बदल आतल्या सीलबंद पाकिटावर. तिथे दोन बोटांएवढी जागा असते, बहुतेक कंपन्या तिथे आपलं बोधचिन्ह आणि मुदतीची तारीख छापतात. फाडायच्या खाचेशेजारी, जिथे अंगठा टेकतो नेमकं तिथे, मी फक्त एक प्रश्न छापला असता: "अजूनही हो ना?" डबी उघडून तासभर झालेला असेल, दिवे मालवलेले असतील, वाचता येणार नाही कदाचित. म्हणून अक्षरं उठावाची, बोटाला लागतील अशी. ती बोटाला खरंच कळतात का आणि त्यामुळे कुणी थांबून विचारतं का, हे पाहायला नमुने घेऊन मी बारमध्ये गेलो नसतो. आधी १३७ वर फोन घेणाऱ्या बायकांकडे गेलो असतो, अपंगांच्या संघटनांकडे गेलो असतो, आणि त्यांनी डबी उलटसुलट करून "हे काढा" म्हणून दाखवलेल्या जागा लिहून घेतल्या असत्या.